स्टँडवर रडू नका म्हणावं

आमच्या तांड्यातल्या बायका एकमेकींना भेटल्या की रडतात. कुणी मेलेलं नसतं, कुणाचं काही बिघडलेलंही नसतं. बऱ्याच दिवसांनी आपलं माणूस दिसलं की त्याच्या गळ्यात पडायचं आणि सुरात रडायचं, अशी आमची रीत आहे. आता म्हातारपणी हे मी एका दमात लिहून टाकलं. तरुणपणी एवढं वाक्य माझ्या तोंडून निघालं नसतं. माझी याडी (आमच्या गोरबोलीत आईला याडी म्हणतात) आणि उमरखेडकडच्या तांड्यात दिलेली माझी मावशी वर्षातून एकदोनदा घाटंजीच्या बाजारात भेटायच्या. मिरच्यांच्या ढिगाजवळ, भर गर्दीत, दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोकं टाकायच्या आणि सुरू व्हायचं. ते नुसतं रडणं नसे. लांब सुरावर एकेक बातमी बांधलेली असे: सासू आषाढात गेली, काळी गाय व्याली पण वासरू टिकलं नाही, थोरलीचं लग्न ठरलं, नवरा दोन महिने तापानं पडून होता. एकीचं सांगून झालं की दुसरी सुरू करायची. सगळं संपलं की दोघी टुकरीच्या, म्हणजे डोक्यावरच्या ओढणीच्या, पदरानं डोळे पुसायच्या आणि मिरचीवाल्याशी भावावरून भांडायला लागायच्या. काही बातम्या आमच्याकडे नुसत्या बोलून सांगत नाहीत. मरणाची तर नाहीच. ती गळ्यात पडूनच सांगायची असते.

गावच्या लोकांना हे कळायचं कारण नव्हतं. घोळका जमायचा. "काय झालं वो बाई? कोन मेलं?" असं कुणीतरी विचारायचं आणि मिरचीवाला ढिगामागून उत्तर द्यायचा, "काही नाही जी, लमानणी हायेत. भेटल्या म्हनून रडून राह्यल्या."

"अन् निंगतानी?"

"तवाबी रडतेत."

"मंग हासतेत कवा बाप्पा?"

लोक हसायचे. मी तेलाची बाटली हातात धरून चार पावलं बाजूला सरकायचो आणि बांगड्यांच्या दुकानाकडे बघत उभा राहायचो, जणू काही मी एकटाच बाजाराला आलो आहे. दुसऱ्या दिवशी शाळेत शेजारच्या गावाहून येणारा एखादा पोरगा विचारायचाच, "काबे हऱ्या, तुही माय रडते का गाते बे?" मी उत्तर देत नसे. मला उत्तर येत नव्हतं म्हणून नव्हे. ती बाई माझी कोण, हेच मला त्या क्षणी कबूल करायचं नसे. पुढे विलायतेला जाऊन मी जो मूर्खपणा केला त्याची सुरुवात त्या बांगड्यांच्या दुकानासमोर झाली असावी असं मला वाटतं. तरी नक्की सांगता येत नाही. माणूस आपल्या मूर्खपणाचं मूळ शोधायला लागला की तो पहिल्यांदा सोयीची जागा बघतो.

आमचा तांडा घाटंजीपासून दोन कोसांवर, मुरमाड उंचवट्यावर होता. पुढे नायकाचं, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाचं घर, मागे आमची. आमच्या घरात दोन आवाज कायमचे. एक बाच्या खोकल्याचा. माझा बा कापसाच्या हंगामात जिनिंगमध्ये कामाला जायचा आणि वर्षानुवर्षं रुईची भुकटी गिळून त्याची छाती भरली होती. दुसरा आवाज याडीच्या घुगरीचा. घुगरी म्हणजे कानशिलाजवळ केसांच्या बटांत गुंफलेले चांदीचे झुबके. नवरा जिवंत असलेली बाईच ते घालते. याडी जात्यावर झुकली, चुलीवर झुकली, पाण्याची घागर घेऊन आली की ती घुगरी किणकिणायची. ती मला कुशीत घ्यायची तेव्हा गार चांदी माझ्या कानाला लागायची. जवारीची बाटी (भाकरीला आम्ही बाटी म्हणतो), अंबाडीची भाजी आणि ठेचा हे आमचं जेवण. सणाला गूळ-कणकेची गळवाणी. पुढे मी बऱ्याच मोठ्या टेबलांवर जेवलो. त्यांपैकी कोणत्याही टेबलाची मला फारशी आठवण नाही.

तांड्यात लिहितावाचता येणारा माणूस एकच, आमचे गुरुजी. ते मारेगावकडचे, एकशिक्षकी शाळेवर आलेले, आणि तांड्यात इतकी वर्षं राहिलेले की गोरबोली आमच्यासारखी बोलायचे. मला पहिलीपासून त्यांनीच शिकवलं, यवतमाळच्या बोर्डिंगात त्यांनीच नेऊन घातलं, नागपूरच्या कॉलेजचा फॉर्मही त्यांनीच भरला. हे उपकार मी मान्य करतो. पण गुरुजींना एक रोग होता. ते स्वतःला लेखक समजत. तांड्यात कुणाचंही पत्र लिहायचं असलं की सांगणारा सांगायचा एक आणि गुरुजी लिहायचे दुसरंच. मी यवतमाळला असताना याडीनं सांगितलं असणार, "त्याले म्हना, पोटभर जेव." मला पत्र यायचं: "चिरंजीवास अनेक आशीर्वाद. तुझ्या कुशलतेच्या वार्तेने आम्हा उभयतांस अत्यानंद झाला." माझ्या आईबापाला उभयता हा शब्द कुणी शिवी म्हणून दिला असता तरी कळला नसता. आलेलं पत्रही गुरुजीच वाचून दाखवायचे, नायकाच्या ओट्यावर, सगळा तांडा जमवून. म्हणजे मी आईला लिहिलेलं पत्र हे जाहीर भाषणच असायचं, आणि आईचं मला आलेलं पत्र गुरुजींचं साहित्य. आमच्या दोघांच्या मधे हा माणूस बसलेला होता आणि मला त्याचा मनापासून तिटकारा होता.

कापसाच्या शिक्षणासाठी दोन वर्षांची परदेशची शिष्यवृत्ती मला मिळाली तेव्हा घाटंजीच्या दादासाहेबांना एकाएकी मी आठवलो. दादासाहेबांचे दोन जिन होते. माझ्या बाच्या छातीत जी भुकटी गेली ती बहुतेक त्यांच्याच जिनमधली. त्यांनी मला निरोप देण्यासाठी स्टँडवर समारंभ ठेवला आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "पोरा, तू आपल्या घाटंजीचं नाव करून राह्यला." त्याआधी माझं नावही त्यांना माहीत नव्हतं. कोट करीमभाई टेलरांनी शिवला. करीमभाई सज्जन माणूस, शिलाई घ्यायला तयार नव्हते. पण त्यांचा हात बसला होता बँडवाल्यांच्या कोटांवर. उभी कॉलर, छातीवर पितळी बटणांच्या दोन रांगा. "बेटा, विलायत में ऐसाच पहनते," त्यांनी मला ठासून सांगितलं, आणि मी विश्वास ठेवला. स्टँडवर दादासाहेबांचं भाषण चालू असताना याडी पुढे आली आणि माझ्या गळ्यात पडून तिनं सूर लावला. नागपूरच्या कॉलेजातले दोन ओळखीचे चेहरे गर्दीत मला दिसले. मी याडीच्या पाठीवर हातही ठेवला नाही. बस निघाली तेव्हा मी पलीकडच्या खिडकीतून बाहेर बघत होतो. त्या बाजूला एक गाढव उभं होतं. योग्य बाजू निवडली होती मी.

इंग्लंडच्या उत्तरेकडच्या ज्या गावात मी शिकलो त्याचं वर्णन करण्यासारखं काही नाही. काळ्या विटा, गिरण्यांची धुराडी आणि न थांबणारी पिरपिर. पाऊस म्हणावा तर भिजवत नाही, नाही म्हणावं तर वाळू देत नाही. माझी घरमालकीण मिसेस विल्किन्स नावाची विधवा बाई होती. तिनं दार उघडलं, माझ्या कोटाकडे पाहिलं आणि अदबीनं विचारलं, "आपण कोणतं वाद्य वाजवता?" मला प्रश्नाचा शेवटचा शब्द कळला नाही. कशाचा अभ्यास करता असं विचारत असेल, असं समजून मी म्हणालो, "कापूस." बाईनं मान डोलावली. पूर्वेकडे कापूस वाजवत असतील, एवढं ती मान्य करायला तयार होती. त्या लोकांच्या सहनशीलतेचं हे एक उदाहरण. त्यांच्या जेवणाबद्दल मात्र मला सहनशील राहता येत नाही. मीठ, तिखट, तेल यांचा वासही लागू न देता कोबी तीन तास उकडतात आणि मग तो ताटात निपचित पडलेला असताना त्याबद्दल देवाचे आभार मानतात. देव काय म्हणत असेल कोण जाणे. रविवारी पुण्यामुंबईची पोरं एकत्र जमून वरणभात करायची आणि मायदेशाच्या आठवणीनं गळा काढायची. मी एकदाच गेलो. "यवतमाळ? म्हणजे नक्की कुठं?" असं त्यांच्यातल्या एकानं विचारलं, आणि मी मायदेशातून आलोय याची त्याला खात्री पटेना.

अभ्यासाचं म्हणाल तर एक गोष्ट मला येत होती. कापसाच्या खोलीत लांब टेबलावर देशोदेशीच्या रुईचे पुंजके मांडलेले असायचे. अंगठा आणि बोट यांच्यात पुंजका धरून ओढायचा, पुन्हा ओढायचा, तंतू सरळ झाले की त्यांची लांबी नजरेनं सांगायची. बाकीची पोरं पट्टी लावायची. मला पट्टी लागत नसे; तांड्यात वेचणीला जाऊन माझी बोटं तयार झाली होती. त्या खोलीवर जॉर्ज नावाचा एक म्हातारा होता, प्राध्यापक नव्हे, नुसता कामगार. त्यानं एकदा ओळीनं अठरा पुंजके माझ्यापुढे टाकले आणि मी अठराही बरोबर सांगितले. खिशातली पेपरमिंटची गोळी काढून त्यानं टेबलावर ठेवली. त्या दोन वर्षांतलं माझं एकमेव पदक ते. पण परीक्षा काही बोटांची नव्हती. वर्गात प्राध्यापक ओठ न हलवता बोलत. मला निम्मं कळत नसे, आणि पुन्हा विचारायची हिंमत होत नसे. हात वर करायचा ठरवून मी तास सुरू व्हायची वाट बघायचो, आणि तास संपला की उद्या विचारू म्हणायचो. अशी दोन वर्षं ‘उद्या’वर गेली.

दुसऱ्या हिवाळ्यात मिसेस विल्किन्सचा धाकटा भाऊ गेला. सकाळी तार आली. तिनं ती वाचली, घडी करून घड्याळाखाली ठेवली आणि मला विचारलं, "अंडं मऊ हवं की घट्ट?" दुपारी शेजारीण आली. "वाईट झालं," शेजारीण म्हणाली. "काय करणार," ही म्हणाली. दोघींनी चहा घेतला. संपलं. मी जिन्यात उभा राहून हे पाहत होतो आणि माझ्या मनात जे आलं ते लिहायला आजही हात अडखळतो. मला वाटलं, ही खरी संस्कृती! दुःख असावं तर असं, घडी करून ठेवलेलं. भर बाजारात गळे काढणारी आमची माणसं मला त्या जिन्यातून फार लहान दिसली. ती बाई पुढे महिनाभर रोज पहाटे स्वयंपाकघरात एकटी दाराला टेकून उभी राहायची, हेही मी पाहिलं होतं. पण जे आपल्या मताला उपयोगी नाही ते विद्यार्थी लिहून घेत नाहीत.

उन्हाळ्यात शेवटची परीक्षा झाली आणि मी नापास झालो. एका विषयात नव्हे, तीन विषयांत. शिष्यवृत्ती संपली होती, पुन्हा बसायची सोय नव्हती. त्या दिवशी खोलीत बसून मी घरी पत्र लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा मी गुरुजींना लबाडी करायला जागा न ठेवता, साध्या वाक्यांत लिहिलं: मी नापास झालो. चूक माझी आहे. दिवाळीच्या सुमाराला परत येतो. बाला आणि याडीला नीट समजावून सांगा. एवढं खरं लिहिल्यावर मला स्वतःचं कौतुक वाटलं असावं, कारण खाली मी आणखी एक वाक्य लिहिलं: "मी येईन तेव्हा याडीला स्टँडवर रडू नका म्हणावं. लोकांत ते बरं दिसत नाही."

महिन्याभरानं गुरुजींचं उत्तर आलं. "तुझे पत्र पावले. वाचून सर्वांस अत्यानंद झाला. तीर्थरूप खुशाल आहेत. तुझी सूचना मातोश्रींस सांगितली आहे." मी ते वाचून एकटाच मोठ्यानं हसलो. पोरगा नापास झाला आणि यांना अत्यानंद! लेखणी कागदाला लागली की तो शब्द आपोआप उमटत असणार, गाईनं चालता चालता शेण टाकावं तसा. मला पुढचा संशय आला नाही. माणसाला एकदा मूर्ख ठरवलं की त्याच्याकडे नीट बघायची गरज उरत नाही. ही सोय मी पुरेपूर वापरली.

जहाजात, मग मोठ्या रेल्वेत, मग मूर्तिजापूरहून यवतमाळपर्यंत रखडणाऱ्या छोट्या गाडीत मी मनाची तयारी करत होतो. स्टँडवर कुणी येणार नाही. आलाच तर नायक येईल, तोही मान फिरवून उभा राहील. यवतमाळहून घाटंजीची बस पकडली तेव्हा एवढंच मागणं होतं की संध्याकाळ पडल्यावर पोचावं. बस भर दुपारी पोचली. आणि स्टँडवर कमान उभी होती. पानाफुलांची. वर कापडी फलक: "विलायतेतून यशस्वी होऊन परतलेल्या सुपुत्राचे हार्दिक स्वागत." मी मागे वळून बघितलं, बसमधून आणखी कोण उतरतंय म्हणून. कुणी उतरलं नाही. बँड सुरू झाला. बँडवाल्यांच्या अंगावर करीमभाईंनी शिवलेले कोट होते, उभी कॉलर आणि बटणांच्या दोन रांगा. माझ्याही अंगावर तोच होता. हार घेऊन पुढे आलेला दादासाहेबांचा माणूस आधी सनईवाल्याकडेच वळला. "अबे तो नाही, हा!" दादासाहेब ओरडले.

मला मंचावर चढवलं. मंच म्हणजे दोन बैलगाड्या जोडून वर टाकलेल्या फळ्या. समोर अर्धं घाटंजी आणि एका बाजूला आमचा तांडा, नायकापासून तान्ह्या पोरांपर्यंत. गुरुजी सगळ्यांच्या मागे कडुनिंबाला टेकून उभे होते आणि माझ्याकडे बघत नव्हते. मी बाला शोधत होतो. खोकला ऐकू येतो का म्हणून कान देत होतो. दादासाहेब माइकवर बोलत होते, "एका सामान्य कुटुंबातील हा तरुण साता समुद्रापार जाऊन उत्तीर्ण होतो! धन्य त्याचे मातापिता, जे आज आपल्यात उपस्थित आहेत!" टाळ्या पडल्या. तांड्याकडून एकही टाळी पडली नाही.

मग मला याडी दिसली. ती पुढेच होती, पण मी तिला ओळखलं नव्हतं, कारण तिला तसं उभं राहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. दोन्ही हात अंगाशी घट्ट, मान ताठ, टुकरीचा पदर दातात. रडणं येऊ नये म्हणून दातात धरलेला. दोन वर्षांनी पोरगा आलाय आणि ती परक्या बाईसारखी दहा हातांवर उभी. मी लिहिलं होतं म्हणून. तिच्या बाजूच्या बायकाही तशाच. मी सगळ्या तांड्याचा आवाज बंद करून ठेवला होता. क्षणभर मला ते दृश्य बरं वाटलं हेही लिहून ठेवतो. लोकांत चांगलं दिसत होतं ते.

तेवढ्यात वारा आला, तिची टुकरी कपाळावरून जरा मागे सरकली. कानशिलाजवळ काही नव्हतं. घुगरी नव्हती. हातांत चुडाही नव्हता.

दादासाहेब "राष्ट्राच्या उभारणीत" असं काही म्हणत असताना मी फळ्यांवरून खाली उडी मारली. कोटाचं एक बटण तुटून बँडवाल्यांच्या पायात गेलं. मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. तिनं मान हलवली: नको, लोक आहेत. मग मला कळलं की ती मला बातमी सांगू शकत नाहीये. आमच्याकडे ती बातमी बोलून सांगत नाहीत, आणि सांगायचा जो एक रस्ता होता तो मी साता समुद्रापलीकडून बंद केला होता.

"याडी," मी म्हणालो, "रो."

रड, एवढाच त्याचा अर्थ. तिनं पदर सोडला आणि माझ्या गळ्यात पडली, आणि जो सूर निघाला त्यानं बँड थांबला. तिच्या पाठोपाठ बायकांनी सूर धरला. त्या सुरात तिनं मला दोन वर्षं सांगितली. बाची छाती बंद झाली. आखाड लागला तेव्हा तो खाटेवर पडला, तो उठला नाही. तुझं पत्र आलं तेव्हा त्याचा श्वास मोजण्याइतका उरला होता. गुरुजीनं कानाशी तोंड नेऊन वाचलं, बेटा पास झाला. तुझा बा हसला रे. दोन घोट पाणी प्याला. दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत गेला. माझ्या कानाला गार चांदी लागत नव्हती, नुसतं तिचं कानशील लागत होतं.

आमच्या रीतीत एकीचं झालं की दुसरीनं सांगायचं असतं. पुरुष सांगत नाहीत. मला सूर येत नव्हता. मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून गोरबोलीत मोठ्यानं सांगितलं, नुसतं सांगितलं, बेसूर: "याडी, मी पास झालो नाही. मी नापास झालो. पत्रात तेच लिहिलं होतं." बायकांचा सूर तिथेच तुटला. सगळ्या तांड्यानं ऐकलं. घाटंजीतल्या एकालाही अक्षर कळलं नाही. आणि माइकवरून दादासाहेब सांगत होते, "पाहा, पाहा! हे मातृप्रेमाचे आनंदाश्रू!"

नायकानं माझा दंड धरून मला पुन्हा मंचाकडे नेलं. मला वाटलं आता तो काहीतरी बोलेल. तो हळूच म्हणाला, "यांनाही सांग. यांच्या भाषेत." मी माइकसमोर उभा राहिलो. माझा आवाज नेहमीसारखाच अडखळला. "मी परीक्षेत नापास झालो आहे," मी शुद्ध मराठीत म्हणालो. मग दादासाहेब दिलखुलास हसले. "विनय! याला म्हणतात विनय! विद्या विनयेन शोभते!" लोकांनी अशा टाळ्या वाजवल्या की मघाच्या टाळ्या काहीच नव्हत्या. मला शाल पांघरली. नापास झाल्याबद्दल जाहीर सत्कार झालेला मी त्या जिल्ह्यातला बहुधा एकटाच माणूस असेन. पुढे पंचवीस वर्षं मी बाजारसमितीत कापसाची प्रत ठरवण्याचं काम केलं, बोटांनी, आणि त्या काळात अनेक सत्कारांना हजर राहिलो. ज्याचा सत्कार चाललाय त्याचं काही ऐकून घ्यावं असं एकाही सत्कार करणाऱ्याला वाटलेलं मी पाहिलं नाही.

तांड्याकडे जाताना गाडीत याडी, मी आणि नायक; गुरुजी गाडीमागे पायी. ओढा ओलांडल्यावर मी खाली उतरून त्यांच्याबरोबर चालू लागलो. इतक्या वर्षांचा तिटकारा तोंडाशी आला होता. "काहून केलं असं गुरुजी?" एवढंच निघालं.

गुरुजींनी त्या दिवशी अत्यानंद, उभयता, काही काढलं नाही. आपल्या गावच्या बोलीत बोलले. "तुह्या बापानं डोये उघडले. म्हने, काय लिवते पोरगं? म्या कागद पाह्यला, त्याच्या तोंडाकडं पाह्यलं. तूच सांग बापा, काय वाचू मी?" थोडं चालल्यावर म्हणाले, "तो गेल्यावर मंग कोनाले सांगू, का मी खोटं वाचलं? नायक म्हने, पोरगं तिकडं एकटं हाय, बापाचंबी लिहू नोका. मंग दादासाहेबाले कोनं सांगतलं, कमान झाली… मले रोज वाटे, आता फुटते, आता फुटते." धोतराच्या सोग्यानं त्यांनी तोंड पुसलं. मला त्यांची कीव आली नाही, रागही आला नाही. हा माणूस मी कधी वाचलाच नव्हता, एवढं मात्र कळलं.

घरी आल्यावर याडीनं चूल पेटवली. बाटी थापताना तिचे हात हलत होते आणि घरात दुसरा आवाज नव्हता. खोकलाही नाही, घुगरीही नाही. बाची खाट भिंतीला उभी केलेली होती. तिनं मला जेवू घातलं, तिथं काय खात होतास विचारलं, मी कोबी सांगितला, ती म्हणाली, तेही भाजीच आहे. नापास होण्याबद्दल एक शब्द नाही. मग उठून तिनं कोठीतून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. माझं पत्र होतं. बाच्या उशाखाली ते शेवटपर्यंत होतं. दारातून उतरतं ऊन आत येत होतं, तिथं ती बसली आणि पत्र माझ्या हातात दिलं.

"आता तू वाच," ती म्हणाली. "जे आहे ते वाच."

मी एकेक वाक्य वाचून आमच्या बोलीत सांगत गेलो. मी नापास झालो. ती मान हलवत होती. चूक माझी आहे. तिनं मान हलवली. दिवाळीच्या सुमाराला परत येतो. बाला आणि याडीला नीट समजावून सांगा. त्यापुढे मी थांबलो आणि कागदाची घडी करायला लागलो.

तिला अक्षर येत नव्हतं, पण कागदावर अजून एक ओळ उरलेली तिला दिसत होती. तिनं बोट ठेवलं.

"आणि ही?"

मी तिचं बोट बाजूला करून घडी पुरी केली. मग तिनं माझ्या हातातून कागद घेतला, फडक्यात गुंडाळला आणि उठता उठता म्हणाली, "राहू दे. तेवढं गुरुजींनी खरं वाचलं होतं."